रात्रीचं सोडा, आधी भर दुपारी लावून बघा

वाचकांचे प्रश्न : कॅमेरा आणि उजेड

या वेळच्या पत्रांत एकाच कॅमेऱ्याचं नाव पुन्हा पुन्हा आलंय, ब्लॅकमॅजिकचा पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के. २०१८ मध्ये आलेला हा कॅमेरा आता आपल्याकडेही भाड्यानं आणि सेकंडहँड मिळू लागलाय, त्यामुळे असेल. लातूरला बसून माहितीपट शूट करताना हाच माझ्याही हातात असतो. म्हणून हे पान त्यालाच दिलं.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं मित्र ऊसतोड कामगारांवर छोटी फिल्म करतोय. गावातली टोळी दसऱ्यानंतर कारखान्यावर निघते, तिथून शूटिंग सुरू करायचंय. पॉकेट ४के भाड्यानं मिळतोय आणि दुकानदार एक दिवस आधी टेस्टला द्यायला तयार आहे. पहाटे अंधारातच तोड सुरू होते आणि कोपीत (कामगारांच्या झोपडीत) एकच बल्ब असतो. अंधारात हा कॅमेरा कितपत चालतो, ते एका दिवसात कसं तपासायचं?
(एक विद्यार्थी, केज तालुका)

उत्तर : अंधाराची काळजी तुम्ही जरा जास्तच करताय. अंधारात हा कॅमेरा चांगला आहे. त्याला घाम फुटतो तो आपल्या दुपारच्या उन्हात, आणि नेमकं तेच कुणी तपासत नाही. सगळे रात्री घरात मेणबत्ती लावतात, आयएसओ (कॅमेऱ्यानं उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) वाढवतात, 'वा!' म्हणतात आणि शूटिंगच्या दिवशी म्हाताऱ्याच्या टोपीच्या जागी नुसता पांढरा डाग घेऊन घरी येतात.

तेव्हा टेस्ट दुपारी बाराला सुरू करा. गावातल्या एखाद्या आजोबांना धोतर-टोपीत नांगरलेल्या काळ्या रानात उभं करा आणि हातात उघडी काळी छत्री द्या. पांढरं धोतर, रापलेला चेहरा, काळी माती आणि वर पांढुरकं आभाळ. विकतचा कुठलाही टेस्ट चार्ट एवढी कडक परीक्षा घेत नाही.

उजेड फार आहे म्हणून आयएसओ १०० वर आणायचा मोह होईल. आणू नका. या कॅमेऱ्याचा सेन्सर दोन पायऱ्यांवर चालतो. १०० ते १००० ही पहिली पायरी, तिचा मूळ आयएसओ ४००. १२५० ते २५,६०० ही दुसरी, तिचा मूळ ३२००. एकाच पायरीवर आयएसओ कमी-जास्त केला तर सेन्सरचं काम तेच राहतं. मधल्या राखाडीच्या (ना उजळ ना काळ्या अशा मधल्या छटेच्या) वर किती जागा आणि खाली किती, एवढी वाटणी फक्त बदलते. एकूण माल साधारण १३ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). १०० वर वरची जागा सगळ्यात कमी मिळते, म्हणजे टोपीच्या चुण्या आणि ढग सगळ्यात आधी जातात. उन्हात ४०० ठेवा, आभाळ फार येत असेल तर ८०० करा, आणि जास्तीचा उजेड एनडी फिल्टरनं, म्हणजे लेन्सवर चढवायच्या काळसर काचेनं, कापा.

किती कापायचा, त्याचा हिशेब तोंडी होतो. स्वच्छ उन्हात आयएसओ ४०० आणि एफ-१६ ला (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं तोंड, अॅपर्चर, किती उघडं ते; आकडा लहान तितकं तोंड मोठं) शटर साधारण १/४०० सेकंद लागतं. सेकंदाला २५ फ्रेमवर आपल्याला हवं १/५०, म्हणजे ३ स्टॉप उजेड जास्त झाला. मागचं रान थोडं धूसर दिसावं म्हणून एफ-४ ठेवलं की आणखी ४. झाले ७ स्टॉप. एका स्टॉपला ०.३ धरतात, म्हणून दुकानात एनडी २.१ मागा. याच घराण्यातल्या ६के प्रोमध्ये (२०२१) २, ४ आणि ६ स्टॉपचे एनडी आतच बसवलेत. ४केमध्ये एकही नाही. भाड्याच्या यादीत लेन्सच्या आधी फिल्टर लिहा.

आता छत्री कशाला, तर जाड एनडी डोळ्याला दिसणारा उजेड कापतो, पण अवरक्त किरण तसेच आत सोडतो. मग काळं कापड, त्यातही पॉलिस्टर, तपकिरी किंवा जांभळट दिसायला लागतं. छत्रीचा काळा रंग असा बिघडलेला दिसला तर फिल्टर परत करा आणि अवरक्त किरणही अडवणारा आयआर एनडी मागा. फिरवून कमी-जास्त होणारा व्हेरिएबल एनडी देत असतील तर वाइड लेन्सवर चढवून तो शेवटपर्यंत फिरवून बघा. आभाळात काळपट फुली उमटते.

कॅमेऱ्यात फॉल्स कलर नावाची सोय आहे, ती सुरू करा. एक्स्पोजरप्रमाणे चित्राचे भाग वेगवेगळ्या रंगांत दिसतात. चेहरा गुलाबी आला की एक्स्पोजर बरोबर, असं इंटरनेटवर सर्रास सांगतात. तो हिशेब गोऱ्या कातडीचा आहे. रानात राबणाऱ्या आपल्या माणसाचा चेहरा हिरव्याच्या आसपास ठेवा. त्याला ओढूनताणून गुलाबीत नेलंत तर टोपी लाल होईल, आणि लाल म्हणजे गेली.

बाकी सांगायचं तर पाच इंची स्क्रीन उन्हात नीट दिसत नाही, तेव्हा डोक्यावरून काळं कापड घ्यायची तयारी ठेवा. एक बॅटरी जेमतेम तासभर चालते. ती कॅननची एलपी-ई६ आहे, त्यामुळे फोटो स्टुडिओवाल्यांकडून उसनीही मिळेल. कंपनी हा कॅमेरा ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालवायला सांगते. तुमचा हंगाम थंडीचा, म्हणून सुटलात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे काम असेल त्यांनी दोन शॉटच्या मध्ये कॅमेरा सावलीत ठेवावा.

मग कोपीची टेस्ट घ्या. त्यासाठी कोपी लागत नाही, माळवदाचं जुनं घर चालेल. छताला उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेल्या भोकातून ऊन सारवलेल्या जमिनीवर पडलेलं असतं, चुलीचा धूर त्या उन्हात वर चढत असतो आणि भाकरी थापणारी बाई बाजूला अंधारात असते. जमिनीवरचा तो कवडसा आणि बाईचा चेहरा एका फ्रेममध्ये घ्या. ऊन उतरलं की त्याच जागी एक बल्ब लावा आणि आधी १०००, मग १२५० वर तोच शॉट घ्या. आकडा मोठा असून १२५० चं चित्र जास्त स्वच्छ दिसेल, कारण तिथं दुसरी पायरी सुरू होते. तेव्हा ८०० पुरेना झाले की १००० ला रेंगाळू नका. मात्र १२५० वर वरची जागा पुन्हा कमी होते. बल्बच फ्रेममध्ये येत असेल तर ३२०० ठेवा आणि अॅपर्चर बारीक करा.

एक न विचारलेलं सांगते. मुकादमानं हो म्हटलं म्हणजे टोळीतल्या बायांनी हो म्हटलं, असं धरू नका. कोपीच्या आत कॅमेरा नेण्याआधी त्यांना वेगळं विचारा.

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात घरी गोंधळ आहे. दिवटीच्याच उजेडात शूट करावं असं मला वाटतं, भाऊजी म्हणतात मोठा एलईडी लाव. काय करू?
(एक वाचक, तुळजापूर)

उत्तर : भाऊजींना चौक मांडायच्या कामाला लावा. मोठा एलईडी लावलात की दिवटी हातातली शोभेची वस्तू होऊन जाते.

आयएसओ ३२०० आणि एफ-१.८ किंवा त्याच्या जवळपासची लेन्स एवढ्यावर काम होतं. या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर २५ मिमी लेन्स चेहऱ्यासाठी छान बसते. आदल्या रात्री अंगणात दिवटी पेटवून टेस्ट घ्या. माणसाला ज्योतीपासून एका हातावर उभं करा, मग दोन हातांवर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई राहतो, म्हणजे २ स्टॉप गेले. गोंधळी संबळाच्या तालावर पुढं-मागं सरकतो तेव्हा हेच सतत घडत असतं. मधल्या अंतराला एक्स्पोजर बांधा आणि हात लावू नका. चेहरा उजळला, अंधारला, चालतंय. मागं धावत अॅपर्चर फिरवत बसलात तर ते जास्त खटकतं.

बुधलीतून (तेलाच्या भांड्यातून) दिवटीत तेल घातलं की ज्योत आधी दबते, धूर सोडते आणि मग एकदम हातभर भडकते. ती भडकलेली ज्योत टेस्टमध्ये हवीच. तिचा गाभा पांढरा होणार, होऊ द्या. कडेला नारंगी दिसतंय का, एवढं बघा. नसेल तर अर्धा-एक स्टॉप कमी करा.

व्हाइट बॅलन्स (कोणत्या रंगाचा उजेड पांढरा धरायचा ती सेटिंग) ३२०० केल्व्हिनला ठेवा. ज्योतीचा उजेड २००० च्या आसपासचा असतो आणि कॅमेरा २५०० च्या खाली उतरत नाही, म्हणजे ती पूर्ण पांढरी करता येणारच नाही. करायचीही नाही. अंगणातला ट्यूबलाइट मात्र आठवणीनं बंद करा, नाहीतर चेहऱ्याची एक बाजू शेंदरी आणि दुसरी हिरवट येईल.

प्रश्न : जत्रेतल्या भारुडाच्या व्हिडिओत वरून खाली काळे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा खराब आहे का?
(एक वाचक, जिंतूर)

उत्तर : कॅमेऱ्याला काही झालेलं नाही, तुम्ही सेकंदाला २४ फ्रेमवर १८० अंश शटर ठेवलं असणार (३६० अंश म्हणजे एका फ्रेमचा पूर्ण वेळ, १८० म्हणजे निम्मा). आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २४ फ्रेमवर १८० अंश म्हणजे १/४८ सेकंद, ते या लुकलुकीत बसत नाही. २५ फ्रेम आणि १८० अंश ठेवा, नाहीतर २४ वर १७२.८ अंश. दोन्हीकडे १/५० येतं. स्लो मोशन ५० फ्रेमवर करा. ६० च हवे असतील तर २१६ अंश, म्हणजे १/१००.

एवढं करूनही जत्रेत पट्टे आले तर जनरेटरकडे बघा. लोड कमी-जास्त झाला की त्याची वारंवारता ५० वर ठरत नाही. पाळणा फिरायला लागला की पट्टे सुरू, थांबला की बंद, असं दिसलं तर दुसरं कारण शोधू नका. शटरचा अंश थोडा थोडा सरकवत पट्टे स्थिर होतील तिथं थांबा. स्टेजवरचे रंगीत स्वस्त एलईडी मंद केले की आणखी वेगळ्या वेगानं लुकलुकतात. लाइटवाल्याला गोडीत सांगा, रंग कोणताही ठेव, पण फुल्ल ठेव. सगळे दिवे आणि जनरेटर चालू असताना मिनिटभर शूट करून मोठ्या स्क्रीनवर बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे पट्टे लपतात.

प्रश्न : अजिंठा-वेरूळला कॅमेरा टेस्ट करता येईल का?
(एक वाचक, कन्नड)

उत्तर : दोन्ही ठिकाणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. स्टँड आणि शूटिंगसाठी परवानगी लागते, अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश किंवा दिवा मारायचा नाही. शिवाय अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. नुसतं डोळ्यांनी शिकायला जरूर जा. वेरूळची लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी आत सपाट वाटणारे खांब दुपार कलल्यावर गोल व्हायला लागतात.

प्रश्न : मॅडम, माझं लग्नाच्या ऑर्डरीचं काम आहे. हा कॅमेरा घेऊ का?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : घेऊ नका. स्क्रीनवर बोट लावलं की एकदा फोकस करतो, चालत्या माणसाच्या मागं आपोआप फोकस नेत नाही. हादरे सावरणारं स्टॅबिलायझेशन आत नाही. नवरी मंडपात चालत येताना तुमचा एक हात फोकसवर, दुसरा गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्यावर) आणि नवरीचा मामा लेन्सच्या पुढं. ३० फ्रेमवर ४के, ८:१ रॉ (रंग नंतर काढायची कच्ची फाइल, आठपट आवळलेली) लावलं तरी सेकंदाला साधारण ५१ मेगाबाइट जातात, म्हणजे मिनिटाला ३ जीबी. हळदीपासून बिदाईपर्यंतचा डेटा ठेवणार कुठं, आणि रंग काढायला कुणाला वेळ आहे? आत्ता जो कॅमेरा वापरताय तोच वापरा. प्री-वेडिंगच्या एका दिवसाला हा भाड्यानं आणा आणि त्या दिवसाचं भाडं ऑर्डरीच्या बिलात वेगळं लावा.