तीन वर्षांची वही

प्रिय मावशी,
गेल्या जूनमध्ये मी बी.कॉम. झाले, फर्स्ट क्लास मिळाला. तेव्हापासून साठेक ठिकाणी अर्ज केले. सगळीकडे एकच उत्तर, 'दोन वर्षांचा अनुभव हवा.' पुण्याचा एक एजंट २५ हजार रुपये आणि मूळ मार्कशीट द्या, नोकरी पक्की म्हणतो. वडील रिक्षा चालवतात, त्यांनी बँकेतून पैसे काढूनही आणलेत. इकडे राजारामपुरीतल्या एका सीए ऑफिसात आठ हजारांवर बोलावलंय. मैत्रिणी पुण्यात लागल्या. आई पाहुण्यांत माझा विषयच टाळते. मी घरात बसून फक्त तिच्या बचत गटाची वही लिहिते, तीन वर्षं झाली. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

पोरी, आधी पैशाचं बोलू. ते २५ हजार एजंटाला द्यायचे नाहीत. ज्याला खरंच माणूस हवा असतो, तो उमेदवाराकडून पैसे मागत नाही. आणि मूळ मार्कशीट कुणाच्याच हाती सोडू नकोस. माझ्या पहिल्या नोकरीत मालकांनी 'आमच्याकडे सुरक्षित राहील' म्हणून पदवीचं प्रमाणपत्र ठेवून घेतलं. वर्षभराने दुसरीकडे चांगली जागा मिळाली, तेव्हा ते परत देईनात. सात महिने खेटे घातले, तोवर ती जागा गेली. अजून ते आठवलं की जीव तळमळतो. मूळ कागद समोर दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, आणि मूळ कागद पर्समध्ये घालून घरी आणायचे.

आता तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. ती वाचून मी थांबलेच. दर महिन्याची बचत, कुणाला किती कर्ज दिलं, कुणाचा हप्ता थकला, व्याज किती, हातातली रोकड आणि पासबुक जुळतंय का, हे सगळं तू तीन वर्षं लिहिते आहेस आणि त्याला 'फक्त' म्हणतेस! अगं, हाच अनुभव. तुझ्या अर्जात तो आहे का? मला वाटतं नसेल. 'मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड' हे प्रत्येकाच्याच अर्जात असतं, आम्ही ते वाचायचोही नाही.

लक्ष्मीपुरीतल्या एका घाऊक पेढीचे हिशेब मी बरीच वर्षं सांभाळले. हाताखाली माणूस घ्यायचा झाला की मी उमेदवारापुढे बँकेचं स्टेटमेंट आणि आमचा बँक लेजर, म्हणजे बँकेच्या व्यवहारांची आमच्याकडची वही, ठेवायची. एकदा दोन्हींत ११८० रुपयांचा फरक होता. दोघा-तिघांनी कॅल्क्युलेटर काढून पुन्हा बेरजा मारल्या. एक मुलगी मात्र आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हजार रुपये चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. बँकेनं कापलेत, आपल्याकडं नोंद करायची राहिली." तिच्याकडेही अनुभवाचा दाखला नव्हता, वडिलांच्या किराणा दुकानाची उधारी लिहायची. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली.

म्हणून अर्ज एका पानाचा कर आणि शिक्षणाच्याही वर लिही : महिला बचत गटाचे हिशेब, ३ वर्षे, त्याखाली नेमकं काय काय केलंस ते. गटाच्या अध्यक्षांकडून सही-शिक्क्याचा दाखला घे. मुलाखतीला वहीच्या दोन पानांची झेरॉक्स ने, पण गटाला विचारून आणि बायकांची नावं झाकून. कुणी किती कर्ज काढलंय हे बाहेर जाता कामा नये.

आठ हजार कमी आहेत. ते पुरेसे आहेत असं मी म्हणणार नाही. तरी जा, फक्त आधी काम काय ते विचार. महिन्याच्या ११ तारखेचा जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० तारखेचा थ्री-बी (जीएसटी भरण्याचं विवरणपत्र), ७ तारखेचा टीडीएस (पैसे देताना कापलेला कर सरकारात भरणं), हे चार-पाच पक्षकारांचं काम वर्षभर तुझ्या हातून होणार असेल, तर पुढच्या जाहिरातीतल्या 'अनुभव हवा'ला तुझ्याकडे उत्तर असेल. नुसत्या फायली लावायच्या आणि फोन घ्यायचे असतील तर नको. सहा महिन्यांनी पगारावर बोलू, हे पहिल्याच दिवशी ठरवून घे. पगार बँकेतच घे. वीसपेक्षा कमी माणसांच्या ऑफिसात पीएफची सक्ती नसते, तिथे काम केल्याचा पुरावा म्हणजे पासबुकातली नोंद आणि सुटताना मिळालेलं पत्र. एवढं विचारल्यावर साहेब चिडले, तर तिथे पुढे काय वाढून ठेवलंय ते तुला कळेलच.

आणखी एक. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत नाहीतर मशीनशॉपमध्ये अकाउंट्सची जागा निघाली की मालक बऱ्याचदा जाहिरात देत बसत नाही, आधी आपल्या सीएला विचारतो, 'कोण चांगलं पोरगं-पोरगी आहे का?' त्या ऑफिसात वर्षभर चोख काम करणाऱ्या मुलीचं नाव अशा वेळी निघतं. तुझे साठ अर्ज तिथवर पोचलेच नसतील.

पुण्याला पुढे जायचं तर जरूर जा, हातात काम घेऊन जा.

आईवर रागावू नकोस. विचारलं तर काय सांगायचं, हे तिला सुचत नसेल म्हणून ती विषय टाळते. दाखल्याचा विषय तिलाच गटाच्या पुढच्या बैठकीत काढू दे. त्या बायकांना तीन वर्षं तुझं काम माहीत आहे. आणि वडिलांनी काढलेले पैसे उद्याच त्यांच्या खात्यात परत भरून ये.
– मावशी