मुलगी पुन्हा पिकांकडे निघाली, तर बिघडलं काय?

सप्रेम नमस्कार,

वाळवा तालुक्यातून तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला 91 टक्के होते. मॉलिक्युलर बायोलॉजी, म्हणजे जनुकं आणि रेणूंच्या पातळीवरचं जीवशास्त्र, शिकून तिला अवकाशात पिकं वाढवण्यावर काम करायचंय. तुम्ही तिला नीटच्या क्लासला घातलंय आणि दिवाळीपासून ती घरात धड बोलत नाही. ‘तिची समजूत कशी काढू?’ हा तुमचा प्रश्न.

मी अडले ते तुमच्या दुसऱ्याच वाक्यावर. ‘आमच्या पिढ्या उसात खपल्या, मी कसाबसा बँकेत लागलो, आणि ही परत मातीतच जायचं म्हणते.’ म्हणजे तुम्हाला धास्ती आहे ती शेतीची. ती खरी आहे, तुम्ही ते दिवस काढलेत. पण त्याची भरपाई सोळा वर्षांच्या मुलीने डॉक्टर होऊन का करायची? टक्के, क्लासची फी, नातेवाइकांची मुलं यांवर तुम्ही पानभर लिहिलंत आणि तिच्या अबोल्यावर अर्धी ओळ. मला तो अबोला जास्त काळजीचा वाटतो. ‘आधी एमबीबीएस कर, मग हौस म्हणून रोपं वाढव’ हे तिला पुन्हा ऐकवू नका. ज्यात तिचा जीव आहे त्याला तुम्ही हौस म्हणालात, ते तिला लागलं असणार.

आता तुमचा एक गैरसमज. हे काम नासा-इस्रोतच होतं आणि तिथे इंजिनिअरच लागतात, असं तुम्ही धरून चाललाय. रशियाच्या मीर या अंतराळ स्थानकावर 1996-97 मध्ये गहू लावला होता. ओंब्या आल्या, दाणा मात्र भरला नाही. बंद जागेत इथिलीन साचला होता, केळी पिकवायला रायपनिंग चेंबरमध्ये सोडतात तोच वायू. हे निदान वनस्पतीची जाण असलेल्या माणसाचं काम. 2022 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्रावरच्या मातीत अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं रोप उगवून दाखवलं. ते खुरटलं. कोणती जनुकं चालू झाली हे तपासलं, तेव्हा क्षार आणि धातूंचा ताण आल्यावर दिसतात तशाच खुणा सापडल्या. तुमच्या कृष्णाकाठच्या क्षारपड रानात पीक कसं तगेल, हा प्रश्न याच विद्येचा आहे. आणि 2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी अंतराळ स्थानकात मूग-मेथी रुजवली, तो प्रयोग धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा आणि तिथल्या आयआयटीचा होता. सांगलीहून धारवाड किती लांब?

तिलाही स्पष्ट सांगते. केवळ अवकाशातल्या पिकांवर पोट चालेल अशा जागा जगभरात मोजक्या आहेत, आणि पीएचडी होईपर्यंत तिशी जवळ येते. म्हणून पाया पीकशास्त्राचा हवा. दुष्काळ, क्षार, रोग यांवर काम करणाऱ्या संशोधन संस्था आणि बियाणे कंपन्यांना अशी माणसं लागतात.

वाटा सरळ आहेत: आयसर आणि नायसर या विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या सरकारी संस्था, त्यांच्या प्रवेश परीक्षा अनुक्रमे आयएटी आणि नेस्ट; बीएस्सी अॅग्री किंवा बायोटेकसाठी सीईटी.

नीटसाठी तिला गणित विषय सोडायला लावला असेल, तर आधी कॉलेजात जाऊन तो परत घेता येतो का बघा. जनुकांची माहिती आज संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगशिवाय वाचता येत नाही. क्लास चालू ठेवायचा की नाही, हे तिला विचारून ठरवा. फी भरून झाली, हे कारण पुढे करू नका.