अडखळणाऱ्या वाचकाला कोणतं पुस्तक द्यावं?

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे, जोडाक्षरांना अडखळतो. गोष्टीचं पुस्तक आणावं, विज्ञानाचं की वाचनसरावाचं?

उत्तर : आधी गोष्टच. दुकानात मधलंच एक पान त्याला मोठ्यानं वाचायला द्या आणि अडलेल्या शब्दागणिक एक बोट मुडपा. एक-दोन बोटं मुडपली तर पुस्तक घ्या. पाचही मुडपली तर ते सध्या तुम्हीच वाचून दाखवायचं. इयत्ता बघून घेतलं की हमखास फसगत होते. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेच्या मराठी गोष्टी मोफत आहेत. तिथल्या दुसऱ्या वाचनस्तरातली गोष्ट साधारण २५० ते ६०० शब्दांची असते, तिथून सुरुवात करा.

सरावपुस्तिकेची घाई नको. सुटे शब्द घोकून 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक कळत नाही, वाक्यात भेटले की कळतो. गोष्टीतले अडलेले पाच शब्द वहीत लिहून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून घ्या, पुरे.

विज्ञानाचं पुस्तक घेताना चंद्रकलांचं पान उघडा. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं छापलं असेल तर पुस्तक परत ठेवा. सावलीमुळे ग्रहण होतं, कला नव्हे. चित्रं कितीही गुळगुळीत असोत!