फाडलेली कार्डं

“परवा जमलं ते आज का जमत नाही?” हा प्रश्न घेऊन साताऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वर्षभर माणसं येतात. पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा सांगतो, सोमवारी सोळाशे मीटर वेळेत मारले आणि गुरुवारी मध्येच दम लागून थांबलो. स्पर्धा परीक्षेची मुलगी एका सराव चाचणीत पहिल्या पाचात असते, पुढच्या चाचणीत साठावी, आणि मग दोन दिवस नीट जेवत नाही. गाणं शिकणारी एक ताई म्हणाली, घरी लागलेला सूर गुरुजींसमोर लागतच नाही. सगळ्यांचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, “मग माझं खरं कुठलं?”

मला याचं उत्तर एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या गोल्फनं नीट उलगडून दाखवलं. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या, परवानगीनं ते इथं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी आल्या त्या वहिनी. त्यांनी पर्समधून दुधाची रिकामी, धुतलेली पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत पांढऱ्या कागदाचे वाळलेले गोळे होते, धुण्याच्या मशीनमधून निघतात तसे. एका तुकड्यावर पेन्सिलीनं लिहिलेला ८ अजून दिसत होता.

“यांच्या पँटच्या खिशात निघतात, ताई. खेळ वाईट झाला की स्कोअरचं कार्ड फाडून खिशात कोंबतात. पूर्वी मी रागवायचे, कपड्यांना चिकटतं म्हणून. आता गोळा करून ठेवते.”

दर शनिवारी पहाटे चारला साहेब गाडी काढायचे. पुणे एकशेदहा किलोमीटर, खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुढे गेलं की उजाडायला लागतं. दुपारी परतले की फाटक कसं लागलं यावरून वहिनींना स्कोअर कळायचा. चांगला दिवस असेल तर हातात मोती चौकातले कंदी पेढे. वाईट असेल तर जेवण नाही. मागच्या अंगणात खुर्ची टाकून एकेक क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फडक्यानं पुसत बसायचं, सोमवारपर्यंत बोलणं बंद. एवढं वहिनींनी तीन वर्षं चालवून घेतलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत नऊ वर्षांचा नातू दारातच विचारायला धावला, “आजोबा, आज किती?” आणि साहेब त्याच्यावर खेकसले. “त्यानंतर पोरानं परत विचारलं नाही हो,” वहिनी म्हणाल्या. त्या माझ्याकडे आल्या होत्या त्या यासाठी.

पुढच्या आठवड्यात साहेब आले. पाठ ताठ, बूट चकचकीत. बसायच्या आधीच म्हणाले, “मॅडम, मला मानसिक वगैरे काही नाही. गेम बिघडलाय, एवढंच.”

मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. बासष्ट वर्षांच्या माणसाचा हात आणि नजर आज आहे तशी उद्या नसेल, तर साखर, रक्तदाब, डोळे तपासल्याशिवाय मनाकडे बोट दाखवू नये, असं मी मानते. रिपोर्ट ठीक आले. मग मी म्हटलं, “मला गोल्फमधलं काहीही कळत नाही. शिकवा.”

ही विनंती त्यांना मानवली. माझ्या वहीत त्यांनी अठरा होलचं मैदान काढलं. प्रत्येक होलला किती फटके लागावेत याचा आकडा ठरलेला असतो, तो पार. फटके जितके कमी, तितका खेळ चांगला. सगळ्या होलचा मिळून बहुतेक मैदानांवर ७२ किंवा त्याच्या आसपास. बॉल ज्या भोकात जायचा त्याचा व्यास सव्वाचार इंच. पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब. मग आला हँडिकॅप. साध्या खेळाडूनं पारपेक्षा साधारण किती जास्त फटके घेणं अपेक्षित आहे, तो हा आकडा. साहेबांचा होता १२. म्हणजे ढोबळमानानं ८४ फटके.

“हा १२ काढतात कसा?”

“२०२० पासून जगभर एकच पद्धत आहे. शेवटचे वीस राऊंड घ्यायचे, त्यातल्या सर्वांत चांगल्या आठांची सरासरी काढायची.”

“आणि उरलेले बारा?”

“ते धरत नाहीत.”

“धरत नाहीत, पण खेळलेले असतात ना?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

याचा अर्थ त्यांना कळायला वेळ लागला नाही. आयुष्यभर नकाशे वाचलेला माणूस. हँडिकॅप हा तुमचा सरासरी दिवस सांगतच नाही, तुमचे चांगले दिवस कसे असतात ते सांगतो. म्हणजे आपल्या हँडिकॅपपेक्षा जास्त फटके लागणं हे बहुतेक शनिवारी होणारच. साहेब मात्र ८४ ला आपली रोजची पातळी समजत होते, आणि ९१ झाले की घसरलो म्हणत होते.

त्यातही एक गोम होती. नियमाप्रमाणे चांगला-वाईट प्रत्येक राऊंड नोंदवायचा असतो. साहेब वाईट कार्ड फाडायचे आणि “आजचा सराव होता” असं स्वतःलाच सांगायचे. म्हणजे तो १२ सुद्धा निवडक कार्डांचा. घरी चिवड्याच्या जुन्या डब्यात त्यांनी अकरा कार्डं जपली होती, सगळी ८१ ते ८६. तीन वर्षांत शंभराच्या वर राऊंड झाले असतील. बाकीचे दुधाच्या पिशवीत होते.

फसवणूक वगैरे शब्द मी वापरला नाही, आणि तो लागूही नव्हता. या माणसानं कुणाला फसवलं नव्हतं. पुरावा जाळून टाकावा आणि मग गुन्हा का घडतो ते कळत नाही म्हणावं, असं झालं होतं. जी कार्डं काही सांगू शकली असती, तीच उरली नव्हती.

तिसऱ्या भेटीत आणखी एक गोष्ट निघाली. दर वाईट शनिवारनंतर साहेब काहीतरी बदलत. रात्री बारापर्यंत व्हिडिओ बघायचे; कधी पकड बदलायची, कधी पायांतलं अंतर; दोन वर्षांत दोनदा नवा ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायचा क्लब, घेतला. मी विचारलं, “जवानाची रायफल झिरो करताना, म्हणजे तिचा नेम जुळवताना, एक गोळी डावीकडे लागली तर साइट हलवायचा का?”

ते जवळजवळ ओरडलेच. “एका गोळीवर? कधीच नाही! आधी चार-पाच गोळ्यांचा ग्रुप बघायचा. ग्रुपचा मध्य कुठे पडतोय ते बघायचं, मग साइट. एकेका गोळीमागे साइट फिरवत बसलात तर रायफल कधीच झिरो होणार नाही.” आणि वाक्य संपता संपता स्वतःच थांबले.

मला मनापासून वाटतं की या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर इथं आहे. कुठल्याही कौशल्याचे निकाल थोडे विखुरतातच. तोच हात, तीच रायफल, तरी गोळ्या एकाच भोकातून जात नाहीत. जगातले व्यावसायिक गोल्फपटू आठ फुटांवरून पट करतात, म्हणजे बॉल जमिनीवरून हळूच भोकाकडे ढकलतात, तेव्हा साधारण निम्मेच बॉल भोकात जातात. त्यांचं पोट त्यावर आहे, तरी निम्मेच. एका निकालावर घाबरून आपण पद्धत बदलतो, दुसऱ्या निकालावर परत बदलतो, आणि त्या बदलांनीच निकाल आणखी विखुरतात. अभ्यासिका महिन्याला बदलणारी मुलं मी पाहते, तेव्हा मला हेच दिसतं.

मग मी त्यांना काम दिलं. पुढचे वीस राऊंड काही बदलायचं नाही, काही विकत घ्यायचं नाही. एकही कार्ड फाडायचं नाही, सगळी नोंदवायची. घरी आल्यावर कार्डाच्या मागं दोन ओळी लिहायच्या, आणि संध्याकाळी नातवाला फोन करून आकडा सांगायचा, जो असेल तो. शेवटचं त्यांना सगळ्यांत जड गेलं.

का जड गेलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. “नोकरीत दरवर्षी एसीआर, म्हणजे गोपनीय अहवाल, यायचा. वरिष्ठ लिहायचे, हा अधिकारी कुठल्या पायरीवर आहे. निवृत्त झालो आणि ते बंद झालं. आता मी कोण, ते सांगणारं हे एवढंच कार्ड राहिलंय.” त्या दिवशी आम्ही गोल्फवर बोललो नाही. यवतेश्वरच्या घाटात रोज चालायला जाताना भेटणारी पोरं त्यांना धावण्याबद्दल विचारतात, गावाकडची शेती वाटून घ्यायची राहिली आहे, वहिनींचा गुडघा दुखतो, असं बरंच निघालं. आठवड्याच्या एका सकाळनं सात दिवसांचा निकाल का लावावा, हा प्रश्न त्यांनी घरी नेला.

नववा राऊंड १०१ चा झाला. पार्किंगमधून फोन आला. “मॅडम, कार्ड हातात आहे. फार वाटतंय, फाडावं.” मी म्हटलं, “शेजारच्या सीटवर ठेवा आणि साताऱ्यापर्यंत घेऊन या.” आणलं.

मध्ये पावसात काही शनिवार बुडाले, त्यामुळे वीस कार्डं जमायला सहा महिने गेले. ती आम्ही माझ्या टेबलावर पसरली. गोल्फच्या त्या बुटक्या पेन्सिलीला मागं सहसा खोडरबर नसतो. लिहिलेलं तसंच राहतं. सर्वांत कमी ८२, सर्वांत जास्त १०१, सरासरी ९०. साहेबांनी ९० आकड्याभोवती गोल केला आणि म्हणाले, “हा मी.” आवाजात दुःख होतं, पण तो आकडा त्यांनी खोडला नाही.

मग ८४ चं एक कार्ड आणि ९७ चं एक शेजारी-शेजारी ठेवलं. पंधरा होल जवळपास सारखे. तेरा फटक्यांच्या फरकातले दहा फक्त तीन होलवर गेले होते, आणि त्या तिनांतले दोन लागोपाठचे. दुसरं वाईट कार्ड काढलं, तेच. चौथ्याला आठ, पाचव्याला नऊ. मागच्या बाजूच्या ओळी वाचल्या. “झाडात गेला. पुढच्या होलला भरून काढायला ड्रायव्हर मारला.” “पाण्यात. मग लांबून ग्रीन (भोकाभोवतीची हिरवळ) गाठायला गेलो.”

“हा काउंटर अटॅक आहे,” साहेब म्हणाले. “तयारी नसताना केलेला.”

म्हणजे खेळ बिघडलाच नव्हता. एक फटका चुकायचा, जो कुणाचाही चुकतो. त्याची लाज इतकी वाटायची की पुढच्या फटक्यात ती पुसायची घाई व्हायची. खरं नुकसान त्या घाईनं होत होतं. बारीकसारीक आणखीही दिसलं. तीन तास गाडी चालवून थेट उतरले की पहिले तीन होल आखडलेले जायचे. त्यावर ते आदल्या रात्री मुलीकडे मुक्कामाला जाऊ लागले.

रोरी मॅकिलरॉय हा त्यांचा आवडता खेळाडू. मी त्यांना म्हटलं होतं, त्याचे वाईट दिवस शोधून आणा. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून आणलं. २०११ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरला आणि ८० मारून बसला. वय एकवीस. दोनच महिन्यांनी यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकला. मास्टर्स मात्र मिळायला २०२५ उजाडलं, आणि त्या जिंकलेल्या चार दिवसांतही चार होलवर पारपेक्षा दोन-दोन फटके जादा गेले होते; शेवटच्या दिवशी तर पहिल्याच होलवर. “चार डबल बोगी मारून मास्टर्स जिंकला, मॅडम,” ते म्हणाले. हे त्यांनी टीव्हीवर पाहिलेलंच होतं. त्यांच्या लक्षात मात्र फक्त शेवटचा पट राहिला होता.

आईवडिलांना इथं थोडं स्पष्ट सांगते. “मागच्या वेळी ब्याण्णव होते, आता एक्क्याऐंशी कसे?” हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. ब्याण्णव हा पोराचा सर्वांत चांगला दिवस असू शकतो. तो तुम्ही त्याच्या पायाखालची जमीन ठरवून टाकलात, की मग ते पोर वाईट पेपर लपवायला शिकतं. मी अशी चुरगाळलेली प्रश्नपत्रिका दप्तराच्या तळातून निघालेली पाहिली आहे. तो पेपर शांतपणे मागा, शेजारी बसून बघा, चुका कुठं एका जागी साचल्या आहेत ते. आणि चढउतार एकाच गोष्टीत नसून सगळीकडेच अचानक आला असेल, झोप उडाली असेल, भूक गेली असेल, आवडतं काम नकोसं झालं असेल, तर आकडे बाजूला ठेवून लवकर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा.

साहेबांचा हँडिकॅप आता १४ आहे. वाढला म्हणून मित्रांनी चिडवलं, ते त्यांना लागलं. वाईट शनिवारी ते अजूनही अंगणात क्लब पुसत बसतात, पण जेवून, आणि संध्याकाळच्या फोनपर्यंतच. नातू पलीकडून विचारतो, “पाण्यात गेला का, आजोबा?” आणि कुठल्या होलला ते लिहून घेतो, त्यानं स्वतःची वही केली आहे.

गेल्या महिन्यात ते दोघं सहज भेटायला आले. वहिनींनी पेढ्यांचा पुडा ठेवला. मी साहेबांना म्हटलं, “चांगला झालेला दिसतोय राऊंड.” त्यांनी खिशातून घडी न घातलेलं कार्ड काढून दिलं. ९६. मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं: “तिसऱ्याला पाण्यात, आठ. चौथ्याला टीवर, पहिल्या फटक्याआधी, थांबलो, पाणी प्यायलो, छोटा क्लब घेतला. पाच.”