टोपण एकाचं, नळी दुसऱ्याची

जुन्या शाईच्या पेनांवर मागच्या अंकात लिहिलं आणि ठाणे-नवी मुंबईतून भरभरून पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: माझ्याकडचं पेन दुर्मिळ आहे का? त्यातली पाच पत्रं इथे घेते आहे.

प्रश्न : ताई, वडिलांच्या टेबलाच्या खणात त्यांचं पार्कर ५१ सापडलं. मरून रंगाचं, टोपण सोनेरी, क्लिपवर निळ्या मिन्याची छोटी चौकट. नळी उघडली की आत चंदेरी आवरण आणि दाबायची पट्टी. नळीवर बारीक अक्षरांत 'मेड इन इंग्लंड' आहे. एका विक्रेत्याने पेन पाहून सांगितलं, की हा 'प्लम' नावाचा दुर्मिळ रंग आहे आणि वर 'ब्लू डायमंड'ही आहे. किंमतही बरी देतोय. काय करू?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : आधी विक्रेत्याला थांबायला सांगा. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.

ठाण्याच्या कोर्टात माझी सगळी नोकरी कागद तपासण्यात गेली. दस्तऐवज हातात आला की आधी शिक्का, मग तारीख, मग सही बघायची. तिन्ही एकमेकांशी जुळले तरच तो पुढे जायचा. जुन्या पेनाकडे मी तशीच बघते. टोपण, नळी, निब आणि शाई भरायची यंत्रणा, या चौघांची साक्ष एकच निघाली पाहिजे. दुर्मिळपणाचा विचार त्यानंतर.

तुमच्या पेनाची साक्ष तपासू. पार्कर ५१ अमेरिकेत १९४१ साली बाजारात आलं. सुरुवातीच्या पेनांत 'व्हॅक्युमॅटिक' यंत्रणा होती: नळीच्या मागची छोटी टोपी काढायची आणि आतला दट्ट्या पुन्हा पुन्हा दाबायचा. १९४८ मध्ये ती बदलून 'ॲरोमेट्रिक' आली, म्हणजे धातूच्या आवरणातली पारदर्शक पिशवी आणि बाजूला दाबायची पट्टी. तुम्ही वर्णन केलंय ती हीच. म्हणजे तुमची नळी आणि आतली यंत्रणा १९४८ च्या अलीकडची.

आता टोपण. क्लिपवरची ती निळी चौकट, म्हणजेच 'ब्लू डायमंड', ही पार्करची आजन्म हमीची खूण. अमेरिकी पेनांवर ती साधारण १९४७ पर्यंत दिसते. मग १९४८ नंतरच्या, तेही इंग्लंडमध्ये बनलेल्या पेनावर ती कशी आली? टोपणाच्या कडेवर भिंग धरा. तिथे बारीक अक्षरं कोरलेली असतात. 'मेड इन यू. एस. ए.' असं वाचता आलं तर विषय मिटला: टोपण अमेरिकेचं, पेन इंग्लंडचं. दोन्ही अस्सल, पण एकत्र जन्मलेली नाहीत.

असं का झालं असेल? अनेकदा त्यात फसवणूक नसते. ५१ चं टोपण आट्यांचं नाही, सरकवून बसवायचं आहे. ते खिशाला अडकून राहायचं आणि पेन हातात यायचं, किंवा टोपणच कुठेतरी पडायचं. मग दुरुस्तीवाला त्याच्या डब्यातलं बसेल ते टोपण काढून द्यायचा. तुमच्या वडिलांनीही तसंच केलं असेल. घरातली वस्तू म्हणून तिचं मोल त्याने तसूभरही कमी होत नाही. पण विक्रेता जेव्हा त्याच चौकटीवर बोट ठेवून 'दुर्मिळ प्रकार' म्हणतो, तेव्हा तो पेनाविषयी खरं बोलत नाही.

टोपण सोन्याचं आहे का, हेही त्याच कडेवर कळेल. 'गोल्ड फिल्ड' किंवा 'रोल्ड गोल्ड' असेल तर वर सोन्याचा थर आहे, आत दुसरा धातू. भरीव सोन्यावर नुसता कॅरेटचा आकडा असतो, आणि ते टोपण इंग्लंडचं असेल तर हॉलमार्कही असतो.

राहिला रंग. प्लम हा रंग खरोखरच दुर्मिळ आहे. ॲरोमेट्रिकच्या सुरुवातीच्या काळात थोडेच दिवस तो निघाला. पण बर्गंडी हा त्याचा जवळचा भाऊ भरपूर बनला, आणि ट्यूबलाइटखाली दोघे सारखेच दिसतात. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीपाशी, थेट ऊन नाही अशा जागी, पांढऱ्या कागदावर पेन ठेवा. लालसरपणा वर आला तर बर्गंडी. रंग जांभळटपणाकडे झुकला तर मन लावून पुढे बघायला हरकत नाही. त्यातही निब झाकणारा पुढचा भाग आणि मागची नळी एकाच छटेची आहेत ना, हे पाहा. पुढचा भाग तडकला की तोही बदलला जायचा. तुमचं पेन इंग्लंडचं आहे, त्यामुळे ते बर्गंडी असावं असं मला वाटतं.

माझं मत विचाराल तर विकू नका. ती पारदर्शक पिशवी साठ-सत्तर वर्षांनंतरही चालते, हे या पेनाचं मोठेपण आहे. साध्या पाण्याने धुवा, रॉयल ब्लू भरा आणि त्याने लिहा. पॉलिश मात्र करून घेऊ नका. नळीवरची अक्षरं एकदा घासून गेली की पेनाची साक्ष कायमची गेली.

प्रश्न : आजोबांचं काळपट-तपकिरी, जाडसर पेन आहे. वरून ड्रॉपरने शाई भरायचं. कुठेही नाव नाही. निबवर 'वॉरंटेड १४ कॅरेट' असं इंग्रजीत आहे. हे विलायती असेल का? कसं ओळखायचं?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण आपल्याकडे संग्राहक पार्कर-शेफरच्या मागे धावतात आणि अशी बिननावाची देशी पेनं भंगारात जातात.

नळी अंगठ्याने जोरात चोळा, ऊब येईपर्यंत, आणि लगेच वास घ्या. गंधकाचा, जळक्या रबरासारखा वास आला तर ते एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. तापलेली सुई टोचून बघा असं कोणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. सेल्युलॉइड पेट घेतं.

एबोनाइट मुळात काळंभोर असतं. ऊन आणि ओल लागली की वरचा थर तपकिरी-शेवाळी पडतो. तुमचं 'काळपट-तपकिरी' बहुधा तेच आहे. टोपणाखाली झाकलेला भाग बघा, तिथे मूळ काळा रंग शिल्लक असेल. नाव नाही म्हणता, पण खात्री करून घ्या: अंधाऱ्या खोलीत टॉर्च नळीला जवळजवळ समांतर धरा आणि नळी हळूहळू फिरवा. झिजलेली कोरीव अक्षरं तिरप्या उजेडात उठून दिसतात. पाण्यात भिजवून स्वच्छ करायचा मोह टाळा, रंग आणखी उतरेल.

निबवर विसंबू नका. 'वॉरंटेड १४ कॅरेट' हे कुठल्याही कंपनीचं नाव नाही. अशा निबा सुट्या मिळायच्या आणि कुठल्याही पेनाला बसायच्या. देशी नळीत परदेशी निब हे तर अगदी नेहमीचं. त्यामुळे निबवरून पेनाचा देश ठरत नाही, सालही ठरत नाही. नळीच्या आतले आटे, टोपणातल्या कडा, टोकाची घडण यांवर लेथच्या खुणा दिसतात का ते बघा. हाताने घडवलेल्या पेनात त्या एकसारख्या नसतात.

आपल्याकडे हा धंदा स्वदेशीच्या काळात उभा राहिला. आंध्रातल्या राजमुंद्रीच्या रत्नम पेनाला गांधीजींनी १९३५ साली पत्र लिहून दाद दिली. मुंबईत दांडेकरांनी १९३१ मध्ये शाई बनवायला सुरुवात केली, तेच पुढे कॅमलिन. विल्सन या देशी पेनाचं नाव तर तुमच्या आजोबांच्या पिढीला पाठ असेल. पण या पेनांच्या मॉडेलांच्या, रंगांच्या याद्या पार्करसारख्या छापील मिळत नाहीत. म्हणून मी एक उपाय सुचवते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. तिथे जुने दिवाळी अंक आणि मासिकं चाळायला बसा, मजकुरासाठी नाही, जाहिरातींसाठी. पेन-शाईच्या जाहिरातीत क्लिपचा आकार, टोपणावरच्या पट्ट्या, किंमत असं सगळं असतं आणि अंकावर साल असतंच. वहीत उतरवून घ्या. चार जणांनी हे काम केलं तर आपल्या देशी पेनांची पहिली नीट यादी तयार होईल, आणि मला ती मनापासून हवी आहे.

आणि हो, ड्रॉपरचं पेन शाई अर्ध्याखाली गेली की निबेतून थेंब टाकतं. हाताच्या उबेने नळीतली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. पेन बिघडलेलं नसतं. पुन्हा भरा, थांबेल.

प्रश्न : चांदीचं, चौकटीच्या नक्षीचं पार्कर ७५ घेतोय. विक्रेता म्हणतो 'झिरो मार्क' आहे, म्हणून किंमत जास्त. हे काय प्रकरण आहे?
– एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : प्रकरण खरं आहे. कंपनी १८८८ ची, तिच्या पंचाहत्तरीला, १९६३ मध्ये हे पेन आलं, म्हणून ७५. यातली निब आपल्या हाताच्या कलाप्रमाणे फिरवता येते, आणि किती फिरवली ते कळावं म्हणून निबजवळच्या धातूच्या कड्यावर रेघा आहेत. सुरुवातीच्या पेनांत त्या रेघांच्या मध्ये '०' कोरलेला असतो. तोच झिरो मार्क.

अडचण अशी, की ते कडं पुढच्या पकडीच्या भागावर असतं आणि तो भाग आट्यांनी निघतो. कुठल्याही ७५ ला जुनी पकड बसवली की झिरो मार्क तयार! म्हणून टोपणाचं आणि नळीचं टोक बघा. सुरुवातीच्या पेनांची दोन्ही टोकं सपाट असतात, नंतरच्यांची मध्ये खोलगट. कड्यावर शून्य आणि टोकं खोलगट असतील तर जास्तीचे पैसे देऊ नका.

नक्षीतल्या काळ्या रेघा मळ नव्हेत. त्या मुद्दाम काळ्या ठेवलेल्या आहेत. चांदीच्या पावडरीने घासून पेन पांढरंशुभ्र केलेलं असेल तर मी ते घेणार नाही. आणि कोणी 'स्पॅनिश ट्रेझर' म्हणून ७५ दाखवलं, तर आधी पूर्ण माहिती काढा. १७१५ साली बुडालेल्या स्पॅनिश जहाजांतल्या चांदीची ती पेनं १९६५ मध्ये फक्त ४,८२१ बनली. सहज कोणाच्या खिशातून निघेल असं पेन नाही ते.

प्रश्न : वाशीत एकाकडून 'पार्कर ५१' घेतलं. निब झाकलेली, क्लिप बाणाची. घरी मुलगा म्हणतो हे हीरो आहे. कोण बरोबर?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : टोपणाच्या कडेवर चिनी अक्षरं असतील तर मुलगा बरोबर. हीरो ६१६ या चिनी पेनाची घडणच ५१ वर बेतलेली आहे आणि ते बऱ्यापैकी लिहितं, पण ते पार्कर नाही. तिसरी शक्यता पार्कर २१ ची. तेही १९४८ चं, दिसायला ५१ सारखंच, पण स्वस्त प्लास्टिकचं. निबवरच्या भागाला बारीक तडे गेले असतील तर संशय २१ वर घ्या. निब सोन्याची नाही एवढ्यावरून मात्र ५१ ला नाकारू नका. १९५० पासून 'स्पेशल' नावाचं ५१ निघालं, त्याची निब ऑक्टेनियम या मिश्रधातूची होती. शंका राहिली तर नळीवरची अक्षरं कागदावर जशीच्या तशी उतरवून मला पाठवा.

प्रश्न : खाडीजवळ राहतो. पावसाळ्यात पेनं कशी ठेवावीत?
– एक वाचक, कळवा

उत्तर : शाई पूर्ण काढून, सुकवून ठेवा. हवाबंद डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत नको. सेल्युलॉइडला मोकळी हवा लागते. रबरी पिशवीची पेनं फिकट रंगाच्या सेल्युलॉइडपासून दूर ठेवा, जुन्या रबरातून सुटणाऱ्या गंधकाने रंग जळतो. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर पेनं तिथे नकोतच, काही प्लास्टिक त्या वाफेने मऊ पडतं. सुती कापडाचं अस्तर लावलेली लाकडी पेटी सगळ्यात बरी. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई कोणत्याही पेनात भरू नका. ती आत सुकली की जीभ (निबखालचा, निबेकडे शाई नेणारा भाग) आणि निब दोन्ही उतरवून साफ करावी लागतात, आणि जुन्या पेनाची जीभ त्यात सहज मोडते.