दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधायचे

तुमचा प्रश्न असा, की स्क्रॅबल (अक्षरं जोडून बोर्डावर शब्द करायचा खेळ) खेळताना भाचीकडे ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं आली आणि तिला 'रिटेन्स' हा एकच सात अक्षरी शब्द सुचला. आणखी होते का, आणि दिलेली अक्षरं असलेले सगळे शब्द शोधायची काही रीत आहे का?

आणखी बरेच होते: नॅस्टियर, रेटिनाज, स्टेनर, अँट्सियर, मेणबत्तीत वापरतात ते स्टिअरिन, शिवाय रेट्सिना ही ग्रीसमधली वाइन. या खेळात याहून चांगली सात अक्षरं क्वचितच हाताला लागतात. सातही एकदम लावली की वरचे ५० गुण मिळतात, म्हणून ही अक्षरं सुटी सुटी खर्च करू नयेत.

आता रीत. आपल्याला शब्द आवाजावरून आठवतात. इंग्रजीत तिथेच अडायला होतं, कारण आवाज एक आणि स्पेलिंग दुसरंच. म्हणून शब्द न शोधता आधी स्पेलिंगचे तुकडे शोधायचे. सात वेगळ्या अक्षरांच्या मांडण्या होतात ५०४०. त्या कुणीच डोक्यात फिरवत नाही. पण आय-ई-आर हे शेपूट उजवीकडे सरकवून ठेवलं, तर उरतात फक्त एन, ए, एस, टी. त्यांची अदलाबदल केली की एन-ए-एस-टी दिसतं आणि नॅस्टियर तयार. ए-एन-टी-एस दिसलं की अँट्सियर. मग शेपूट बदला. ई-आर बाजूला काढलं की स्टेन उरतो, म्हणजे स्टेनर. नुसता एस बाजूला काढला की रिटेन आणि रेटिना दोन्ही उरतात. आय-एन-जी, ई-डी, ई-एस-टी, टी-आय-ओ-एन ही शेपटं आणि आर-ई, यू-एन ही सुरुवातीची जोडणी हाताशी असली की अर्धं काम होतं. टाइल्स (अक्षरांच्या सोंगट्या) रॅकवर, म्हणजे त्या ठेवायच्या पट्टीवर, खरोखर हलवाव्यात; नुसतं बघत बसल्याने डोळा त्याच क्रमात अडकतो.

"दिलेली अक्षरं असलेले शब्द" यात मात्र तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि शोधताना घोळ होतो तो इथेच. फक्त हीच अक्षरं वापरायची, हा पहिला. तो वर झाला. ही सगळी हवीत, शिवाय इतरही चालतील, हा दुसरा. बोर्डावरचं एखादं अक्षर जोडून आठ अक्षरी शब्द करताना हाच प्रश्न असतो. तुमच्या सात अक्षरांत जी मिसळला तर ग्रॅनाइट्स, इनग्रेट्स, गँट्रीज, अँग्रिएस्ट. पी मिसळला तर पेंटर्स आणि पँट्रीज. ओ मिसळला तर नोटरीज आणि सेन्योरिटा. नेमाने खेळणारे लोक हे पाठच करतात, आणि ते पाठांतर फुकट जात नाही.

तिसरा प्रश्न क्रमाचा. एक्स-वाय-झेड सलग असलेला शब्द कोणता? हायड्रॉक्सिझिन, खाज कमी करणारं औषध. पाचही स्वर वर्णमालेच्या क्रमाने, पण मध्ये इतर अक्षरं चालतील? फसीशस आणि ॲब्स्टीमियस. हे डोक्याने शोधत बसण्यात अर्थ नाही. वनलुकसारख्या शब्द शोधून देणाऱ्या साइटवर तारांकन (*) म्हणजे कितीही अक्षरं आणि प्रश्नचिन्ह म्हणजे नेमकं एक अक्षर. सलग तुकडा हवा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना तारांकन द्यायचं. क्रम हवा पण सलग नको, तर प्रत्येक दोन अक्षरांच्या मध्येही.

पहिल्या प्रश्नासाठी स्वतः प्रोग्रॅम लिहायचा असेल तर युक्ती सोपी आणि फार सुंदर आहे. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमे लावायची आणि ती त्या शब्दाची किल्ली मानायची. नॅस्टियर, रिटेन्स, स्टेनर या सगळ्यांची किल्ली एकच येते: ए-ई-आय-एन-आर-एस-टी. मग ५०४० मांडण्या तपासायच्याच नाहीत, एका किल्लीखालचे शब्द वाचायचे. दुसऱ्या प्रश्नासाठी प्रत्येक अक्षर किती वेळा येतं ते मोजून तुलना करा. अक्षर आहे की नाही एवढंच तपासलं तर दोन एस मागितले असताना एक एस असलेले शब्दही आत शिरतात.

शब्दयादी नीट निवडा. मॅकमध्ये आधीपासून असलेली यादी १९३४ च्या वेब्स्टर डिक्शनरीवरून केलेली आहे आणि तिच्यात बहुतेक अनेकवचनं नाहीत, त्यामुळे रेटिनाज तिथे मिळत नाही आणि प्रोग्रॅम चुकला असं वाटतं. स्क्रॅबलसाठी उत्तर अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी कॉलिन्सची यादी चालते. भाचीला तीच द्या. तिच्यात आपल्याकडचे शब्दही भरपूर आहेत. इंग्रजी 'जे' (J) हे अक्षर शेवटी आलं की शब्द सुचत नाही. तिथे राज, ताज आणि चक्क स्वराज चालतात. क्यूच्या जोडीला यू नसेल तर क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द आहे, आणि निकाब, फकीर हेही क्यू घालून लिहिलेले चालतात.

सॉल्व्हर, म्हणजे अक्षरं दिली की शब्द शोधून देणारी साइट किंवा प्रोग्रॅम, डाव संपल्यावर उघडू द्या, आधी नको. डावात कोणती सात अक्षरं होती ते तिने कागदावर लिहून ठेवावं आणि नंतर किती शब्द हुकले ते बघावं. सुरुवातीला याच सात अक्षरांत एच मिसळून द्या. शेपूट एस, आणि पुढचा तुकडा डोक्यावरच्या केसांचा.