स्वयंसेवी संस्थांचा आर्थिक विकासात वाटा कोणता?

प्रश्न : नाशिकला रोजगार दिला तो सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांनी आणि गावांत पैसा आणला तो द्राक्षांनी. नफा न कमावणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचा आर्थिक विकासात खरोखर काही वाटा असतो का? अशा संस्थेला देणगी द्यायची झाल्यास ती कशी पारखावी? – एक वाचक, सातपूर

उत्तर : वाटा निश्चित असतो आणि तो आपण म्हणता त्या द्राक्षांच्या पट्ट्यातच पाहायला मिळतो. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांपर्यंत नीट पोहोचत नव्हते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाटबंधारे खात्याने पाणी मोजून संस्थेच्या ताब्यात द्यायचे, त्याची पट्टी संस्थेने भरायची आणि पाळी कोणाची, किती वेळ, हे सभासदांनी आपसात ठरवायचे, अशी ही व्यवस्था होती. पाणी मोजून मिळू लागले की उधळपट्टी स्वतःच्याच खिशाला जाणवते आणि आवर्तनाची, म्हणजे ठरल्या वेळी पाणी सुटण्याची, खात्री असली की शेतकरी बागेसारख्या दीर्घ मुदतीच्या पिकात पैसा घालण्यास धजावतो. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले आणि २००५ मध्ये राज्याने सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडील व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदाच केला.

यात समाज परिवर्तन केंद्राने धरण बांधले नाही की कर्ज वाटले नाही. त्याने बैठका घेतल्या, कालव्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या शेतकऱ्यांना एका सतरंजीवर बसवले आणि एकमेकांवर विश्वास ठेवण्याइतका धीर दिला. या कामाला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. परंतु त्याचे फळ कोणा एकाच्या पदरात पडत नसल्याने व्यापारी त्यात गुंतवणूक करत नाही आणि बदलीवर येणाऱ्या-जाणाऱ्या अधिकाऱ्याला ते तडीस नेणे कठीण जाते. माझ्या मते स्वयंसेवी संस्थांचे खरे आर्थिक कार्य हेच आहे.

बचत गटांची गोष्टही वेगळी नाही. नाबार्डने, म्हणजे शेती व ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये ५०० गटांपासून बँक जोडणीचा, म्हणजे गटांना बँकेकडून कर्ज मिळवून देण्याचा, प्रयोग सुरू केला. एकेकट्या बाईला अल्प रकमेचे कर्ज देणे बँकेला परवडत नव्हते. दहा-वीस जणींचा गट, त्यांची नियमित बचत आणि नीट लिहिलेली वही समोर आल्यावर व्यवहार शक्य झाला. ती वही लिहायला शिकवणारे कार्यकर्ते बहुतेक ठिकाणी संस्थांचेच होते.

द्राक्षांचा विषय निघालाच आहे, तर दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ मात्र स्वयंसेवी संस्थांत मोडत नाही. ती शेतकऱ्यांच्या मालकीची उत्पादक कंपनी आहे आणि तिचा नफा सभासदांचा असतो.

आता देणगीविषयी. नोंदणी आणि लेखापरीक्षण अहवाल अवश्य पाहावेत. मात्र तेवढ्यावर थांबू नये. निधी संपताच गट विस्कटतात, हा अनेक प्रकल्पांचा दुःखद अनुभव आहे. म्हणून संस्थेने तीन-चार वर्षांपूर्वी काम आटोपते घेतलेल्या एखाद्या गावी जावे आणि गटाची बैठक आजही भरते का, वही कोण लिहिते आणि शेवटचे कर्ज कोणी फेडले, एवढे तेथील लोकांनाच विचारावे.